मीटर तुमचे, अंधार आमचा

"लाईटचं काही टेन्शन घेऊ नका सर, सबमीटर बसवलंय."

परभणीत भाड्याने घर बघायला जा. हे वाक्य पाण्याच्या ग्लासाआधी पुढे येते. वसमत रोड असो, कारेगाव रोड असो, की जिंतूर रोडला नव्याने उभी राहिलेली तीनमजली इमारत असो, वाक्य तेच. त्याला जोडून दुसरे येते, "आधीच्या भाडेकरूची कधी तक्रार नव्हती." आणि तुम्ही चुकून म्हणालात की मला माझ्या नावावर वेगळे मीटर घ्यायचे आहे, तर तिसरे ठरलेले, "कशाला करू लालात ती भानगड? उद्या तुम्ही जाताल, मीटर आमच्या बोकांडी."

या तीन वाक्यांमागे घरमालकांचा एक पक्का युक्तिवाद आहे. घर माझे, म्हणून मीटर माझे. भाडेकरू आज आहे, उद्या नाही. मीटर त्याच्या नावावर झाले तर बिल बुडवून पळेल, आणि नाही पळाला तर त्याच बिलाच्या जोरावर घर बळकावेल. सबमीटरवर जितके युनिट पडतात तितकेच पैसे घेतो, यात कुणाचे काय वाईट झाले? आणि एवढे करून ज्याला खटकते त्याने घर घेण्याआधीच बघून घ्यायचे होते. मी या गावात चार घरे बदलली. चारही ओट्यांवर हा युक्तिवाद ऐकला. तो इतक्या आपुलकीने, चहा पाजत मांडला जातो की ऐकणारा मान डोलावतो. मीही डोलावली होती, आणि त्याची किंमत मोजली. म्हणून आता उत्तर देतो.

आधी बिल बुडवण्याची भीती, कारण ती सगळ्यांत खरी वाटते. असे भाडेकरू असतात, हे मी नाकारत नाही. पण त्या भीतीवरचा उपाय म्हणून मीटर मालकाच्या नावावर ठेवणे हे हिशेबातच बसत नाही. मीटर मालकाच्या नावावर असताना भाडेकरू पळाला तर ग्राहक कोण? मालक. थकबाकी कुणाच्या नावावर? मालकाच्या. वीज कोणाची तुटणार? त्याच्याच घराची. मीटर भाडेकरूच्या नावावर असेल तर कनेक्शन घेतानाच त्याला सुरक्षा ठेव भरावी लागते. राज्य वीज नियामक आयोगाच्या २०२१ च्या पुरवठा संहितेनुसार ही ठेव साधारण दोन महिन्यांच्या बिलाइतकी असते. बिल थकले तर २००३ च्या वीज कायद्याचे कलम ५६ आहेच. पंधरा पूर्ण दिवसांची लेखी नोटीस द्यायची आणि पुरवठा तोडायचा. म्हणजे महिनाभराचे बिल, वर नोटिशीचे पंधरा दिवस, आणि हाताशी दोन महिन्यांची ठेव. बुडवणाऱ्याला बुडवायला जागा किती उरते?

मालक इथे एक हुकमाचे पान टाकतात, आणि ते खोटे नाही. थकबाकीचा बोजा जागेवर चढतो. पूर्वीच्या भोगवटादाराने न भरलेले बिल त्या जागेच्या नव्या मालकाकडून किंवा भोगवटादाराकडून वसूल करता येते, असे आपल्या राज्याची संहिता सांगते, आणि १९ मे २०२३ रोजी के. सी. निनान विरुद्ध केरळ राज्य वीज मंडळ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही अशा वसुलीला मान्यता दिली. पण हेच पान उलटे करून बघा. महाराष्ट्राच्या संहितेत वारस सोडून इतरांवर येणाऱ्या या बोजाला सहा महिन्यांच्या बिलाची मर्यादा घातलेली आहे. आणि सहा महिन्यांचे बिल थकेपर्यंत मालक काय करत होते? बिल दर महिन्याला निघते. बारा आकडी ग्राहक क्रमांक टाकला की मोबाइलवर कुणालाही दिसते. दर महिन्याच्या पाच तारखेला भाडे मागायला वर येणारे पाय बिल बघायला का वळत नाहीत?

भाडेकरूंनीही हे पान नीट बघावे. "मागच्याची थकबाकी, माझा काय संबंध?" हे आमच्या बाजूचे लाडके वाक्य तितकेच कच्चे आहे. संबंध आहे. त्या पत्त्यावर कधीकाळी कायमचे तोडलेले, वीज खात्याच्या बोलीत 'पीडी' झालेले कनेक्शन असेल आणि त्यावर पैसे बाकी असतील, तर नव्या मीटरचा अर्ज तिथेच अडकतो. घर पसंत पडल्यावर डिपॉझिट द्यायच्या आधी विचारायचा पहिला प्रश्न भाड्याचा नसतो, हा असतो: या जागेवर जुने पीडी आहे का?

दुसरी भीती घर बळकावण्याची. वीजबिलावर नाव आले की ताबा पक्का झाला, असा समज आपल्याकडे इतका खोल आहे की वकिलांच्या घरातही तो भेटतो. वीजबिल हा राहत असल्याचा पुरावा आहे, मालकीचा नाही. गॅस एजन्सीत, बँकेत पत्त्यासाठी चालतो, सातबाऱ्यावर किंवा महापालिकेच्या मालमत्ता नोंदीवर त्याने कुणाचे नाव चढत नाही. मालकाला घर परत मिळण्याची हमी कुठे आहे? ती आहे नोंदणीकृत करारात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम २४ नुसार लेखी लिव्ह अँड लायसन्स करार त्यात लिहिलेल्या गोष्टींचा निर्णायक पुरावा मानला जातो; मुदत संपली की संपली. (मराठवाड्यात त्याआधी १९५४ चा हैदराबादचा घरभाडे कायदा चालायचा. निजाम गेला, हैदराबाद राज्य गेले, तरी भाड्याच्या भांडणात ते नाव २००० सालापर्यंत आपल्या कोर्टांत ऐकू येत होते.) आणि १९९९ च्याच कायद्याचे कलम ५५ काय म्हणते? करार लेखी हवा, नोंदवलेला हवा, आणि नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही तर कोणत्या अटींवर घर दिले याबद्दल भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो.

आता परभणीतल्या किती मालकांनी करार नोंदवला आहे? स्टॅम्प पेपर, कोर्टासमोरच्या टपरीवरचे टायपिंग, नोटरीचा शिक्का, अकरा महिने. झाले ॲग्रिमेंट. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही हा समज कुठून आला देव जाणे. महाराष्ट्रात तो चालत नाही. महापालिका हद्दीत नोंदणी शुल्क एक हजार रुपये. सहा हजार भाड्याच्या घराला अकरा महिन्यांचे भाडे होते ६६,०००. त्यावर पाव टक्का मुद्रांक म्हणजे १६५ रुपये, डिपॉझिटमुळे थोडे वर. हे दीड हजाराच्या आतले काम टाळायचे, कायद्यानेच दिलेले कुलूप दाराला लावायचे नाही, आणि मग मीटरला कुलूप घालून बसायचे. घर बळकावले जाण्याची भीती ज्याला खरोखर आहे तो निबंधकाकडे जाईल. जो मीटरवर अडून बसतो त्याला भीती वेगळीच आहे, आणि ती सबमीटरच्या हिशेबात दिसते.

तर सबमीटर. घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने चढतो. पहिले शंभर युनिट स्वस्त, १०१ ते ३०० चा दर त्याच्या जवळपास दुप्पट, पुढे आणखी चढा. एका इमारतीत तीन बिऱ्हाडे आहेत, प्रत्येकाचा वापर महिन्याला ९० युनिट, असे धरा. तिघांची मीटरे वेगळी असतील तर तिघेही स्वस्त टप्प्यात, सगळेच्या सगळे २७० युनिट पहिल्या दराने. तिघे एका मीटरवर असतील तर शंभर युनिट पहिल्या दराने आणि उरलेले १७० जवळपास दुप्पट दराने. वीज तितकीच, पंखे तितकेच, फक्त तारांची गाठ मालकाच्या बोर्डात बांधली म्हणून प्रत्येक बिऱ्हाडावर दंड बसला. तीन मीटरे म्हणजे स्थिर आकार तीनदा, हे खरे. तो सव्वाशे-दीडशे रुपयांच्या आसपास असतो. दोनदा जास्तीचा धरला तरी भाडेकरू फायद्यात राहतात.

आणि बहुतेक मालक टप्प्याने पैसे घेत नाहीत, सरसकट घेतात. मला एका घरात युनिटमागे बारा रुपये पडत होते. बिल दाखवा म्हटले तर "ते ऑनलाइन भरतो, कागद येत नाही." बिलाचा आपापला वाटा वसूल करणे म्हणजे वीज विकणे नव्हे, असा बचाव केला जातो, आणि जितके बिल तितकाच वाटा घेतला तर मी तो मान्य करीन. वर दोन रुपये चढवले की तो वाटा राहत नाही, धंदा होतो. आणि विजेचा धंदा करायला २००३ च्या कायद्याचे कलम १२ परवाना मागते. महावितरणकडे तो आहे. ओट्यावर बसलेल्या काकांकडे नाही.

सबमीटरचे दुसरे दुखणे मोजमापाचे. महावितरणच्या मीटरला सील असते, शंका आली तर तपासणीचा अर्ज करता येतो. केंद्राच्या ग्राहक हक्क नियमांत फेब्रुवारी २०२४ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार तर तक्रार आल्यावर पाच दिवसांत शेजारी दुसरे चेक मीटर लावून पडताळणी करायची आहे. बाजारातून आणून खिळ्यावर टांगलेल्या सबमीटरची तपासणी कोण करणार? ज्याने टांगले तोच. एक साधी परीक्षा सांगतो. घरातला मेन स्विच बंद करा आणि सबमीटरकडे बघत पाच मिनिटे उभे राहा. त्याचा लाल दिवा लुकलुकत राहिला तर तुमच्या मीटरवर दुसरे कुणी जेवते आहे. आमच्याकडे ती बोअरची मोटर निघाली. चार बिऱ्हाडांच्या टाकीला पाणी चढवायची आणि बिल दुसऱ्या मजल्यावर, म्हणजे आमच्या माथी.

त्याच टाकीवरून त्या घरात बोलाचाली झाली. मे महिना होता, पारा ४४ च्या वर. संध्याकाळी सातला लाईट गेली. समोरच्या घरात लाईट, जिन्यात लाईट, फक्त आमच्या दोन खोल्या काळ्या. डीपीवर एक फेज गेला असेल म्हणून १९१२ ला फोन लावला. पलीकडून ग्राहक क्रमांक विचारला. तो माझ्याकडे नव्हता, मालकांकडे होता, आणि मालक लग्नाला गेले होते. रात्री दहाला ते आले. खाली जाऊन बघतो तर त्यांच्या ओट्यावरच्या बोर्डातला आमचा फ्यूज काढून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलेला. "उडाला असेल हो," म्हणाले, आणि बसवून दिला. दीड वर्षाची लेक ओल्या टॉवेलात झोपवली होती आम्ही. त्या रात्री मला 'सबमीटर बसवलंय' या वाक्याचा अर्थ कळला. तुमच्या घराचा दिवा तुमच्या भांडणाच्या निकालावर लागतो, असा तो अर्थ.

१९९९ च्या कायद्याचे कलम २९ नेमके यावर आहे. पाणी, वीज, जिन्यातला दिवा अशा अत्यावश्यक सोयी मालकाने सबळ कारणाशिवाय तोडू किंवा अडवू नयेत. तोडल्या तर कोर्टात जाता येते आणि मालकाला शिक्षाही होऊ शकते. पण मी कायद्याचे गोडवे गाणार नाही. कलमात शब्द आहे भाडेकरू, आणि लिव्ह अँड लायसन्सवर राहणारा माणूस कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसतो, परवानाधारक असतो. मालकाचा वकील तिथेच बोट ठेवणार. आणि समजा कलम लागू झाले, तरी मेच्या उकाड्यात फ्यूजसाठी कोण वकील करतो? म्हणून म्हणतो की तोडण्याची सोयच मालकाच्या हाती राहू नये. मीटर भाडेकरूच्या नावावर आणि त्याच्या ताब्यात असेल तर फ्यूज काढून ठेवायला खिडकीचा कट्टा सापडत नाही.

इथे मालकांच्या मदतीला एक तीन अक्षरी हत्यार धावून येते, एनओसी. मालकाची ना हरकत आणा, मग बघू. ही अट इतक्या वर्षांपासून कानावर आहे की ती कायद्यातच लिहिली आहे असे सगळ्यांना वाटते. अर्ज करणाऱ्यालाही आणि कित्येकदा घेणाऱ्यालाही. कायद्यात काय लिहिले आहे? २००३ च्या कायद्याचे कलम ४३: जागेच्या मालकाने किंवा भोगवटादाराने अर्ज केला की वितरण कंपनीने एक महिन्याच्या आत पुरवठा द्यायचा. 'मालक किंवा भोगवटादार.' म्हणजे जो राहतो तो. भाडेकरू की परवानाधारक हा वाद इथे उरतच नाही. राहतो का, एवढेच बघायचे. १३ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'दिलीप विरुद्ध सतीश' या प्रकरणात हे कुणालाही समजेल अशा शब्दांत सांगितले. वीज ही माणसाला नाकारता येणार नाही अशी मूलभूत सोय आहे. घरमालक एनओसी देत नाही एवढ्यावरून भाडेकरूला कनेक्शन नाकारता येत नाही. अर्जदार त्या जागेत राहतो का, एवढेच वीज कंपनीने तपासायचे. निकालाला वर्षे उलटली. एनओसीचा छापील नमुना मात्र झेरॉक्सच्या दुकानात अजून दोन रुपयांना मिळतो.

एनओसी मागणाऱ्यांची एक बाजू मला कळते. एकाच घरात दोन-तीन मीटरे घेऊन युनिट वाटून टाकायचे आणि स्वस्त टप्प्यात राहायचे, ही युक्ती घरमालकच करतात. नवऱ्याच्या नावावर एक, आईच्या नावावर एक. त्यामुळे एका जागेवर दुसऱ्या मीटरचा अर्ज आला की अभियंता संशयाने बघतो. बघावेच. पण त्यासाठी जागेवर येऊन स्वयंपाकघर वेगळे आहे का, दार वेगळे आहे का, करार कुणाच्या नावे आहे, हे बघता येते. तो संशय मालकाच्या सहीने कसा फिटतो? ज्याच्यावर संशय घ्यायचा त्याचीच सही मागून?

या सगळ्यात एक धोका आहे ज्याबद्दल मालक बोलत नाहीत आणि भाडेकरूला माहीत नसते. मीटर ज्या जागेसाठी आणि ज्या कारणासाठी मंजूर झाले त्याहून वेगळ्या ठिकाणी किंवा वेगळ्या कारणासाठी वीज वापरणे म्हणजे कलम १२६ खालचा अनधिकृत वापर. त्याची आकारणी दुप्पट दराने होते, आणि वापरणाऱ्यावरच नव्हे, त्या वापराचा फायदा घेणाऱ्यावरही करता येते. घराच्या मागच्या प्लॉटवर बांधलेल्या दोन खोल्यांना पुढच्या घराच्या मीटरवरून ओढलेली केबल, बांधकामासाठी घेतलेल्या तात्पुरत्या कनेक्शनवर राहायला आलेली नव्या अपार्टमेंटमधली पहिली बिऱ्हाडे, घरगुती मीटरवर खाली चालणारे दुकान: पथक आले तर पंचनामा समोर दिसेल त्याचा होतो. मालक पुण्याला मुलाकडे असतो. समोर आपण असतो, लुंगीवर.

"मग आधी बघून घ्यायचं होतं ना." आलो त्या वाक्यावर. काही गोष्टी खरोखर बघता येतात, आणि न बघणाऱ्याबद्दल मला फार सहानुभूती नाही. मीटरवरचा अनुक्रमांक आणि बिलावरचा अनुक्रमांक जुळतो का. बिलावर रीडिंगचा फोटो आहे की महिनोन्‌महिने सरासरीचे बिल येते आहे. सरासरी असेल तर एक दिवस कुणीतरी खरे रीडिंग घेईल आणि मागचा सगळा फरक एकदम अंगावर येईल, नेमका तुमच्या काळात. थकबाकी किती. येण्याच्या दिवशी रीडिंगचा फोटो काढून मालकाला व्हॉट्सॲपवर पाठवला का. हे दहा मिनिटांचे काम आहे.

पण डीपीवर किती घरे लटकली आहेत हे कोण बघणार? परभणीत घरे बदलतात मे-जूनमध्ये. शाळा, बदल्या, ॲडमिशन. शहर २०११ मध्ये महापालिका झाले. १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहेच, २०२३ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही आले. खोल्या शोधणारी पोरे दरवर्षी वाढतात आणि त्यांच्यासाठी ज्या गल्लीत पूर्वी दहा बैठी घरे होती तिथे चार-चार मजले चढतात. डीपी तीच. दिवाळीत घर बघितलेल्या माणसाला काय कळणार की एप्रिलमध्ये संध्याकाळी सातनंतर त्याचा कूलर घरघरणार आणि ट्यूब पेटणार नाही? मंजूर भार वाढवा असा अर्ज प्रत्येक राहणाऱ्याने आपापल्या नावावर केला तर त्या डीपीवर खरा भार किती आहे हे निदान कागदावर तरी येईल. सबमीटरच्या मागे लपलेली बिऱ्हाडे कुठल्याच कागदावर नसतात. महावितरणच्या लेखी तिथे एक घर आहे, प्रत्यक्षात पाच. आणि मग लाईनमनला शिव्या. जिंतूर तालुक्यात येलदरीच्या धरणावर साडेबावीस मेगावॅटचे वीजघर आहे. सहलीला नेऊन पोरांना दाखवतो आपण. त्याच जिल्ह्याच्या गावात पाच बिऱ्हाडे एका घराच्या तारेवर. 'बनी तो बनी, नहीं तो परभनी' हे लोक उगीच म्हणत नाहीत. मला ते गावाच्या बदनामीसाठी म्हटलेले आवडत नाही, पण अशा वेळी आठवते.

दुसऱ्या राज्यांत हा प्रश्न सुटलाच आहे असे नाही, पण निदान तो प्रश्न आहे हे तरी तिथे मान्य झाले. दिल्ली सरकारने सप्टेंबर २०१९ मध्ये भाडेकरूंसाठी प्रीपेड मीटरची योजना आणली. भाडेकरार दाखवायचा, तीन हजार रुपये ठेव भरायची, मालकाची एनओसी नको. कारण सरळ होते: सवलतीचे युनिट मालकाच्या मीटरवर येत होते आणि भाडेकरूपर्यंत पोचत नव्हते. कर्नाटकाने २०२३ मध्ये गृहज्योती योजना आणली तेव्हा भाड्याने राहणाऱ्यालाही अर्ज करू दिला. आपल्याकडे प्रीपेडचे नाव काढले की लोक चिडतात, आणि जून २०२४ मध्ये सर्वसामान्य ग्राहकांना स्मार्ट प्रीपेड मीटर लावणार नाही असे सरकारला जाहीर करावे लागले. सक्तीला माझाही विरोध आहे. पण ज्या भाडेकरूला स्वतःहून प्रीपेड हवे आहे त्याला ते का मिळू नये? कलम ४७ मध्ये तर म्हटले आहे की प्रीपेड मीटर घ्यायला तयार असलेल्याकडून सुरक्षा ठेव मागता येत नाही. आधी पैसे, मग वीज. बिल बुडवून पळण्याची मालकाची भीती तिथेच संपते. त्या भीतीचे खरे औषध हेच होते, आणि ते मागणारा एकही घरमालक मला अजून भेटलेला नाही. यावरून काय ते समजा.

सगळे मालक असे नाहीत, हे लिहिले नाही तर चौथ्या घराचे मालक रागावतील. ते निवृत्त मास्तर. मी मीटरचा विषय काढला तेव्हा म्हणाले, "घ्या की. माझ्या डोक्याचा ताप जातो." करार नोंदवायला माझ्यासोबत आले, रांगेत उभे राहिले, अर्जावर सही नको असतानाही 'लागली तर असू द्या' म्हणून करून दिली. आता दर महिन्याला माझे बिल माझ्या मोबाइलवर येते आणि त्यांच्याही. ग्राहक क्रमांक मीच त्यांना दिला आहे. दोघेही रात्री शांत झोपतो.

या जूनमध्ये घर बदलणाऱ्यांना एवढेच सांगणे आहे. एनओसी मागितली तर भांडू नका. करार आणि ओळखपत्र जोडून अर्ज द्या आणि 'एनओसीअभावी नाकारला' असे लेखी मागा. लेखी कुणी देत नाही, आणि अर्ज बहुधा पुढे सरकतो. नाहीच सरकला तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे, त्यावर विद्युत लोकपाल आहे. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत मंचाकडे जाता येते आणि वकील लागत नाही. बिलावर तुमचे नाव नाही म्हणून तुम्ही ग्राहकच नाही, असे कुणी म्हटले तर ऐकू नका; ज्याच्या जागेला वीज जोडलेली आहे तोही ग्राहकाच्या व्याख्येत बसतो. अर्जाची पोच मात्र घ्या, तारीख आणि शिक्क्यासह. महापालिका हद्दीत नव्या कनेक्शनसाठी केंद्राच्या नियमांनी सात दिवस दिले आहेत, ग्रामीण भागात पंधरा. ते दिवस त्या शिक्क्याच्या तारखेपासून मोजतात.